डिस्कची आखणी आणि एक जबानी

कॉम्प्युटरच्या डिस्कची आखणी मी अजूनही कागदावर करतो. चौकटीची वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर. आश्रमशाळेत उभा जन्म विज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे आकृती काढल्याशिवाय मला स्वतःला काही कळत नाही, आणि समोरच्याला कळलंय यावर माझा विश्वास बसत नाही. निवृत्त होऊन जव्हारच्या घरी आलो तेव्हा पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी, एक जुनं मशीन उभं केलं आणि त्याला सर्व्हर म्हणायला लागलो. नाव मोठं, पण प्रकरण साधं होतं. चोवीस तास चालू राहणारा एक कॉम्प्युटर, आणि त्यात मोखाड्याकडच्या पाड्यांमधल्या माणसांचे कागद.

कागद वनहक्काच्या दाव्यांचे. जंगलात जी जमीन बापजाद्यांपासून कसतो, ती आपल्या नावावर व्हावी म्हणून लोक अर्ज करतात. त्याला पुरावे लागतात. जुनी रेशनकार्डं, कुठल्यातरी पावत्या, जमिनीचे फोटो, आणि गावातल्या जाणत्या माणसाची जबानी. पाड्यावर हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाशाला टांगलेलं असतं, आणि धूर नाहीतर वाळवी त्याचा निकाल लावते. मी ते स्कॅन करून ठेवायचो, लागेल तेव्हा प्रत काढून द्यायचो. मला कोणी सांगितलेलं नव्हतं हे. पण माझ्याच हाताखालून गेलेल्या मुलांचे आईबाप रिकाम्या हातांनी परत जाताना बघवेना, एवढंच.

अडचण एकच होती, वेग. जुनी डिस्क इतकी रेंगाळायची की माझं डोकं फिरायचं. एकदा सूर्यमाळकडची एक म्हातारी माझ्याकडे प्रतींसाठी थांबली, मशीन घुर्रघुर्र करत बसलं, आणि तिची एसटी गेली. ती स्टँडवरच झोपली. दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी ते मशीन उचलून अंगणात फेकायला निघालो होतो. फेकलं नाही. वही काढली.

पंधरा दिवस मी ती आखणी करत होतो, आणि खरं सांगायचं तर इतक्या सुखात मी निवृत्तीनंतर कधी नव्हतो. पहिली चौकट छोट्या एसएसडीची, म्हणजे वेगवान पण महाग डिस्कची, तिच्यावर फक्त मशीनची स्वतःची कामं. दुसरी चौकट दोन मोठ्या हार्ड डिस्कची, म्हणजे कोठार. तिथं जे जाईल ते दोन्हीकडे उतरेल, एक डिस्क मेली तरी दुसरी आहे. आणि तिसरी चौकट, जिचा मला भलताच अभिमान होता, ती डिस्कच नव्हती. ती रॅम होती, म्हणजे मशीनची तात्पुरती आठवण. तिच्यातला एक तुकडा बाजूला काढून तो डिस्क असल्यासारखा वापरायचा. बाहेरून आलेलं सगळं आधी तिथं उतरवायचं, तिथंच व्हिडिओ लहान करायचा, प्रती तिथूनच काढायच्या. संध्याकाळी साताला सगळं आपोआप कोठारात. वेग असा, की माणूस चहा पिऊन होईतो काम हातात. रॅमची वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. चांगलं माहीत होतं. म्हणून तर इन्व्हर्टरची बॅटरी खास त्या मशीनला जोडली होती. लाईट गेली तरी मशीन बंद पडायचं नाही.

आल्यागेल्याला मी ती वही दाखवायचो. "यात एकदा गेलं की हरवत नाही," असं छाती फुगवून सांगायचो. माझी आई तिथंच दाराशी तांदूळ निवडत बसलेली असायची. तिनं ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

त्या ऑक्टोबरात सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक बाई माझ्याकडे आली. चाळिशीची असेल. नवरा वसईला बांधकामावर, घरी दोन मुली आणि म्हातारा सासरा. दावा नवऱ्याच्या आणि तिच्या नावावर होता. जमिनीचे दोन तुकडे. खालचा घरालगतचा, त्याचे पुरावे बरे होते. वरचा ओहोळापलीकडे, उतारावर, तिथं नागली आणि वरई. त्या वरच्या तुकड्याचा एकही कागद नव्हता, आणि घरातली चार माणसं वर्षातले निम्मे महिने त्या तुकड्यावरच जेवत होती. सुनावणी महिन्यावर आली होती.

"बाबाला सगळं म्हायती हाय," ती म्हणाली. "त्याचे बापानं तोडली ती जमीन. त्याचे वयाचा पाड्यात आता कोणी नाय उरला. त्याची जबानी घ्या, गुरुजी."

जबानी घ्यायची माझी जुनी पद्धत अशी होती, की म्हाताऱ्याच्या समोर बसायचं, तो सांगेल ते हातानं लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि तिथल्या तिथं अंगठा घ्यायचा. अख्खा दिवस मोडतो त्यात. समितीपुढे शेवटी तो लिहिलेला कागदच लागतो. पण आता माझ्याकडे फोन होता, आणि घरी ते मशीन. म्हटलं, लिहीत कशाला बसायचं? व्हिडिओ घेऊ, घरी निवांत ऐकून शब्दन् शब्द उतरवू, मग येऊन अंगठा घेऊ. फार मोठी अक्कल लढवली असं वाटलं होतं मला.

सोमवारी सकाळी गेलो. म्हातारा काठी घेऊन दारात तयार बसला होता, स्वच्छ बंडी घालून, सकाळपासून चहाही घेतला नव्हता म्हणे. आम्ही ओहोळ ओलांडून वर गेलो. मी फोन धरून पुढे, तो मागे, त्याच्यामागे सून. तो हद्दीच्या प्रत्येक धोंड्यापाशी थांबायचा.

"यो धोंडा माझे बापानं आणला, खालून. मी लहान व्हतो. यो ऐनाचा झाड तवा माझे कमरेइतका व्हता." मग बांध दाखवला, कोणत्या वर्षी कोणता भाग वाहून गेला आणि कोणी परत रचला ते सांगितलं. एका मोहाच्या बुंध्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं दमला. तो म्हणाला, "हितं माझी बहीण पुरलेली हाय. दात बी नव्हतं आलं तिला. आईनं हितंच काम करता करता..." त्यानं काठीनं जागा दाखवली. सून खाली बघत होती. मी फोन हलू न देता धरून उभा होतो. आणि मनातल्या मनात म्हटलं की हा पुरावा भारी आहे. कसले असतो आपण!

सव्वा तासाचं रेकॉर्डिंग झालं. निघताना म्हाताऱ्यानं विचारलं, "झाला ना पक्का?" मी म्हटलं, "बाबा, पक्का. आता तुमचा शब्द कुठं जात नाही." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

दुपारी एकच्या सुमारास घरी पोहोचलो. फोन गच्च भरला होता, म्हणून व्हिडिओ मशीनवर कॉपी न करता कट करून थेट हलवला. फोन रिकामा झाला, व्हिडिओ रॅमच्या त्या चौकटीत उतरला, लहान करायचं काम सुरू झालं. नवा पेनड्राइव्ह हवा होता, म्हणून बाजारात गेलो. दुकानदार ओळखीचा, बोलत बसलो.

ऑक्टोबरात आमच्याकडे दुपार कलली की आभाळ भरतं आणि विजा कडाडतात. पाऊस थोडा, आवाज फार. आणि वीज कडाडली की आमच्या घरात काय होतं ते ठरलेलं आहे. माझी आई आधी कोयता अंगणात टाकते, लोखंडावर वीज पडावी, घरावर पडू नये म्हणून. मग मेन स्विच पाडते. मग घरभर फिरून एकेक पिन भिंतीतून उपटते. तिच्या भावाच्या घरी एकदा वीज तारेतून आत शिरली होती, तेव्हापासूनचं हे. आमच्या आळीत दहातल्या आठ घरांत हेच चालतं. मी लहानपणापासून बघत आलोय. आखणी करताना उंदीर आठवले होते, धूळ आठवली होती, व्होल्टेज आठवलं होतं. आई आठवली नव्हती.

मी आलो तेव्हा अंगणात कोयता पडला होता. घर चिडीचूप. मशीनचा हिरवा दिवा विझलेला. इन्व्हर्टरची वायरसुद्धा तिनं काढून, नीट गुंडाळून, बॅटरीवर ठेवली होती.

मी आईवर ओरडलो. साठी उलटलेला माणूस पंचाऐंशीच्या आईवर ओरडला, शेजारी दारात येतील एवढ्या आवाजात. "बॅटरीची वायर कशाला काढलीस? तिला कोणी हात लावायला सांगितलं होतं?"

"अरे, तिच्यातपण वीजच ना?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "आणि तूच सांगतोस ना सगळ्यांना, यात गेलं की हरवत नाही?"

मी मशीन सुरू केलं. कोठार जागच्या जागी होतं, जुनं सगळं सुखरूप. तिसरी चौकट पूर्ण रिकामी.

माझा एक जुना विद्यार्थी ठाण्याला कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याला लगेच फोन लावला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, रॅममधलं गेलं म्हणजे गेलं. उद्या सकाळी परत जा आणि परत रेकॉर्ड करा. म्हातारा आहे ना? मग झालं."

किती सरळ गोष्ट होती! उद्या सकाळी जा. एसटी होती, रस्ता होता, मला दुसरं काही काम नव्हतं. पण मी त्या मुलावरही चिडलो. म्हटलं, फोनच्या पोटात काहीतरी शिल्लक असणारच. रॅम भरली की मशीन तिच्यातलं थोडं डिस्कवर उतरवून ठेवतं, तिथं तुकडे सापडतील. तो म्हणाला, "सर, बघा, पण त्यात वेळ घालवू नका."

मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवार गेला. मी खुर्चीतून उठलो नाही. एकामागून एक प्रोग्राम उतरवले, डिस्कचा कोपरा न् कोपरा चाळला. हाती लागलं काय, तर फोनमधून टिकलीएवढं एक चित्र, त्यात नागलीची कणसं आणि काठीचं टोक. मी स्वतःला सांगत होतो की पुरावा वाचवतोय. खोटं होतं ते. मला लाज वाटत होती. ज्या म्हाताऱ्याला "पक्का" म्हणून आलो, त्याच्या दारात परत जाऊन "बाबा, गेलं हो ते, परत चढा वर" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? गुरुजी म्हणतात ते मला. माझी आखणी चुकली हे कबूल करण्यापेक्षा मला तीन दिवस खुर्चीत बसणं सोपं वाटलं.

शुक्रवारी सकाळी हात टेकले आणि निघालो. सोबत वही, पेन आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड.

पाड्यावर पोहोचलो तर अंगणात बायका बसलेल्या. म्हातारा आत, कांबळ्यावर. गुरुवारी सांजेला खळ्यावर भात झोडताना लवंडला होता. एक बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. दवाखान्यात न्यायला गाडी यायची होती. मी वाकून बघितलं. त्यानं मला ओळखलं. डोळे माझ्यावर रोखले, ओठ हलवले, पण गळ्यातून नुसता घर्र असा आवाज आला. माझ्या पिशवीत शाईचं पॅड होतं. त्याचा अंगठा माझ्यासमोर होता. पण लिहू काय? त्याचे शब्द माझ्याकडे नव्हते, आणि जे त्यानं आता म्हटलंच नाही त्याच्याखाली त्याचा अंगठा उमटवायचा, एवढा मी खाली गेलो नव्हतो.

सून बाहेर आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. "तुमाला कोणी सांगितला, गुरुजी?" तिनं विचारलं. "एवढ्या लांब आलात, बाबासाठी!"

तिला वाटलं, मी बातमी ऐकून धावत आलोय. तिनं मला पाणी दिलं, मी ते प्यालो. गाडी आली, म्हाताऱ्याला उचलताना मी पायाकडून धरलं. हलका होता फार.

सहाव्या दिवशी तो गेला. दिवसकार्य झाल्यावर मी तिला सांगितलं, "बाई, मशीन बिघडलं. रेकॉर्डिंग गेलं." एवढंच सांगितलं, कधी गेलं ते नाही. ती म्हणाली, "मशीनचा काय भरवसा." तिनंच मला सांभाळून घेतलं.

सुनावणीला मी तिच्यासोबत गेलो. ती घाबरली नाही. सासऱ्याच्या मागोमाग चालताना ऐकलेलं सगळं तिनं उभं राहून सांगितलं, धोंडा, ऐन, बांध, मोहाखालची ती जागा. समितीतल्या लोकांनी ऐकून घेतलं. विचारलं, हे तुम्ही स्वतः पाहिलंय का? ती म्हणाली, नाय, मी तवा जन्मली बी नव्हती. विचारलं, जाणत्या माणसाची लेखी जबानी? ती माझ्याकडे बघायला लागली. त्यांचं तरी काय चुकलं? कागद मागितला, कागद नव्हता.

त्यानंतर मी वहीतली तिसरी चौकट खोडली. आता येईल ते आधी दोन्ही डिस्कवर उतरतं, मग बाकीचं काम. वेळ लागतो. लोक ताटकळतात, कोणाची एसटी चुकली तर आमच्याकडेच मुक्काम करतात, आई त्यांना भाकरी वाढते. जबानी हातानं लिहितो आणि अंगठा घेतल्याशिवाय जागचा हलत नाही. आईची माफी मागायला मला आठ दिवस लागले. ती म्हणाली, "त्यात काय एवढं," आणि पुढच्या गडगडाटाला पुन्हा सगळ्या पिना उपटल्या. मी तिला थांबवलं नाही.

निकाल फेब्रुवारीत आला. खालचा तुकडा मंजूर, वरचा नामंजूर. अपील करायला मुदत होती. ती बाई कागद घेऊन माझ्याकडे आली, एकटीच. मी टेबलाशी बसून अर्ज लिहायला घेतला. वरच्या तुकड्याचं वर्णन, चतुःसीमा, कसणाऱ्यांची नावं. मग असा मुद्दा आला की जाणत्या व्यक्तीची जबानी सुनावणीत का सादर करता आली नाही. मी लिहिलं: जबानी घेण्यात आली होती, परंतु तांत्रिक कारणाने ती नष्ट झाली. मी तिला वाचून दाखवलं.

"कवा नष्ट झाली?" ती म्हणाली. "तो दिस बी लिवा. त्यांनी इचारला त मी काय सांगू?"

माझा पेन थांबला. कोणताही दिवस लिहिता आला असता. म्हातारा गेल्यानंतरचा एखादा दिवस लिहिला असता तर तिला काय कळणार होतं? चार महिने तिच्या हातचं पाणी माझ्या घशात अडकून बसलेलं होतं, ते आता सहन होईना.

"त्याच दिवशी गेली," मी म्हटलं. "सोमवारी. तुमच्याकडून निघालो, घरी आलो आणि त्याच दुपारी गेली. मला तेव्हाच कळलं होतं. माझा मुलगा शोभेल अशा एका पोरानं सांगितलंही होतं, लगेच परत जा म्हणून. मला तोंड दाखवायची लाज वाटली. मी इथं मशीन चाळत बसलो. शुक्रवारी आलो तो तुमच्या बाबाची खबर घ्यायला नव्हतो आलो."

आत आईनं चहाचं आधण ठेवलं होतं, त्याचा आवाज येत होता.

"मंगळवार," ती हळूच म्हणाली. "बुधवार. गुरुवार." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन दिस तो बोलत व्हता, गुरुजी. खळ्यावर बसून येईल त्याला हीच गोष्ट सांगत व्हता. यो धोंडा, तो झाड. मी त्याला बोलली, बाबा, आता पुरे, दमशील. गुरुजीकडे हाय ना समदा."

मी मान खाली घातली. वाटलं, आता उठेल, कागद उचलेल आणि जाईल. जायलाच हवं होतं तिनं.

ती उठली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"लिवा," ती म्हणाली. "सोमवार लिवा. आन् तुमी शुक्रवारी आलात, तं बी लिवा."

मी दोन्ही लिहिलं.